तीनशे अश्वशक्तीचा भरवसा

बोटीसाठी मोठे आऊटबोर्ड इंजिन घ्यायला निघालेला माणूस जेट्टीवर पहिला प्रश्न विचारतो तो कंपनीचा. कुठले घेऊ? कुठले बंद पडत नाही? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याच्या उत्तरावर लाखो रुपये आणि बोटीतल्या माणसांचे जीव सोपवण्याआधी या यंत्राच्या इतिहासातली एक पडझड माहीत असायला हवी.

ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात दीड अश्वशक्तीचे आऊटबोर्ड विकायला सुरुवात केली. पुढच्या कित्येक पिढ्या अमेरिकी बोटवाल्यांसाठी एव्हिनरूड आणि जॉन्सन ही भरवशाची नावे होती. ही दोन्ही नावे आऊटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन, म्हणजे ओएमसी, या एकाच कंपनीकडे होती. १९९०च्या दशकात धुराचे नियम कडक होऊ लागले, तेव्हा ओएमसीने ‘फिख्ट’ नावाची नवी इंधन-फवारणी पद्धत आपल्या मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनांत आणली. थोड्याच काळात इंजिने निकामी होण्याच्या तक्रारी वाढल्या आणि हमीपोटी दुरुस्तीचा खर्च डोईजड झाला. डिसेंबर २००० मध्ये ओएमसीने दिवाळखोरी जाहीर केली. बॉम्बार्डिए या कंपनीने ही नावे विकत घेऊन ‘ई-टेक’ इंजिने आणली. ती नावाजली गेली, पण मे २०२० मध्ये तेही उत्पादन बंद झाले. बोधचिन्ह तेच होते, आणि तरी वीस वर्षांत दोनदा त्या नावाच्या इंजिनांचे उत्पादन थांबले.

म्हणून मोठ्या इंजिनाचा भरवसा नावावरून ठरवता येत नाही. तो पुराव्यावरून ठरवावा लागतो, आणि हा पुरावा तीन ठिकाणी सापडतो: त्या मॉडेलच्या रचनेत, समोरच्या त्या एका इंजिनाच्या धातूत आणि नोंदींत, आणि बिघाड झाल्यावर आपल्या बंदरापर्यंत पोहोचणाऱ्या मदतीत. मालवण, मांडवा किंवा गोव्यात प्रवासी बोट, पॅरासेलिंग बोट किंवा स्वतःची स्पीडबोट चालवणाऱ्याने हे तिन्ही तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

ताकद येते कुठून?

रस्त्यावरची शंभर अश्वशक्तीची मोटार सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाते तेव्हा ती आपल्या ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा वापरत असते. उतार आला की इंजिनाला विसावाही मिळतो. समुद्रावर उतार नाही. बोट पाण्यावर उचलून धरायची तर इंजिनाला तासन्‌तास मिनिटाला चार ते साडेचार हजार फेऱ्यांवर आणि आपल्या ताकदीच्या मोठ्या हिश्शावर राबावे लागते. थ्रॉटल सोडला की पाणी बोटीला लगेच धरून ठेवते. त्यामुळे बोटीच्या इंजिनाचा एक तास आणि मोटारीच्या इंजिनाचा एक तास एका मापाने मोजता येत नाहीत.

म्हणूनच कागदावरच्या अश्वशक्तीइतकेच, ती किती लिटरच्या इंजिनातून काढली आहे हेही पाहायचे असते. यामाहाचे एफ३०० हे २०१० च्या सुमारास आलेले इंजिन ४.२ लिटरचे आहे, म्हणजे लिटरमागे सुमारे ७१ अश्वशक्ती. मर्क्युरीने २००४ मध्ये आणलेले व्हेराडो हे २.६ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन. त्यात सुपरचार्जरने हवा दाबून भरत आणि तीनशेच्या मॉडेलमध्ये लिटरमागे सुमारे ११५ अश्वशक्ती मिळवत. २०१८ मध्ये त्याच कंपनीने सुपरचार्जर नसलेले ४.६ लिटरचे व्ही-८ इंजिन आणले. त्याच्या तीनशेच्या मॉडेलमध्ये हा आकडा ६५ च्या आसपास येतो. जास्त ताणलेले इंजिन वाईट असतेच असे नाही. उत्तम धातू आणि उत्तम थंडाव्याने ताण पेलता येतो. पण ताणलेल्या रचनेत चुकीला जागा कमी उरते. ऑइल उशिरा बदलले, पंखा चुकीचा बसवला, पेट्रोल खराब मिळाले, तर असे इंजिन आधी तक्रार करते.

याच विचाराने आणखी एक गोष्ट कळते. पुष्कळ कंपन्या एकाच ब्लॉकवर वेगवेगळ्या अश्वशक्तीची मॉडेले विकतात. त्यातले मधले किंवा खालचे मॉडेल आपल्या बोटीला खरोखर पुरत असेल, तर तोच धातू कमी ताणात चालतो. ‘खरोखर’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. जड बोटीला कमी ताकदीचे इंजिन लावले तर ते कायम पूर्ण थ्रॉटलवर राबेल, आणि वाचवलेला ताण दुप्पट होऊन परत येईल. बोटीच्या प्लेटवर लिहिलेली कमाल अश्वशक्ती ओलांडायची नाही आणि भरलेली बोट पूर्ण थ्रॉटल न देता पाण्यावर उचलली गेली पाहिजे, या दोन मर्यादांच्या मध्ये आपली निवड असते.

मॉडेलचे वयही पाहावे. बाजारात येऊन चार-पाच वर्षे झालेल्या रचनेतले दोष उघडे पडलेले असतात, सुधारित भाग आलेले असतात आणि मेकॅनिकांचे हात तिला सरावलेले असतात. पहिल्याच वर्षीचे मॉडेल घेणारा ग्राहक स्वतःच्या खर्चाने चाचणी करत असतो. ज्याचे पोट बोटीवर चालते त्याने हा मान दुसऱ्याला द्यावा.

ऐकलेला अनुभव कसा तोलावा?

“माझ्याकडे पाच वर्षे आहे, एकदाही बंद पडले नाही.” अशी ग्वाही प्रत्येक बंदरात ऐकू येते आणि ती बहुधा खरीही असते. पण पाच वर्षांत ते इंजिन चालले किती? सुट्टीच्या दिवशी बाहेर निघणारी खासगी बोट वर्षाला चाळीस तास चालत असेल, तर पाच वर्षांचे दोनशे तास होतात. पर्यटकांना घेऊन रोज चार तास फिरणारी बोट हेच दोनशे तास पन्नास दिवसांत भरते. म्हणून अनुभव विचारताना वर्षे विचारू नयेत, तास विचारावेत.

दुसरा धोका असा की ज्याचे इंजिन वारंवार रुसले त्याने ते विकून टाकलेले असते. जेट्टीवर भेटतात ते टिकलेल्या इंजिनांचे मालक. याउलट, मेकॅनिककडे बिघडलेलीच इंजिने येतात, आणि ज्या कंपनीची इंजिने त्या भागात जास्त, तिचीच दुरुस्तीही त्याच्या हातून जास्त होते. दोघेही खरे बोलतात, तरी दोघांचे चित्र अर्धेच असते. त्यामुळे मेकॅनिकला “कुठले वाईट?” असे विचारण्यापेक्षा नेमके विचारावे: या मॉडेलमध्ये पहिल्यांदा काय जाते, साधारण किती तासांनी जाते, तो भाग कितीला पडतो आणि किती दिवसांत मिळतो? सर्वांत मोलाचे उत्तर त्याच मॉडेलची अनेक इंजिने धंद्यासाठी चालवणाऱ्यांकडे असते. पाच बोटींचे मिळून पाच हजार तास ज्याने सांभाळले आहेत, त्याचे एक वाक्य पन्नास हौशी मालकांच्या मतांपेक्षा वजनदार आहे.

तासांच्या आत दडलेली हकिगत

वापरलेले इंजिन घेताना तासांचा आकडा सगळेच विचारतात. पण आजच्या मोठ्या इंजिनाचा संगणक त्याहून खूप जास्त सांगतो. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, होंडा या सगळ्यांची स्वतःची निदान-प्रणाली आहे. अधिकृत मेकॅनिक लॅपटॉप किंवा उपकरण जोडतो आणि एकूण तास, नोंदलेले बिघाड आणि पुष्कळ मॉडेलांत किती तास कुठल्या फेऱ्यांवर चालले याची वाटणी समोर येते. विक्रेता हा अहवाल काढू देत नसेल, तर तिथेच बोलणे थांबवावे.

अहवाल हाती आल्यावर वाटणी वाचायची. सहाशे तासांपैकी बहुतेक तास साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांवर गेले असतील, तर इंजिन शिस्तीत चालले आहे. मोठा हिस्सा साडेपाच हजारांच्या वर असेल, तर ते पिळले गेले आहे. कमाल मर्यादेपलीकडे फेऱ्या गेल्याच्या नोंदी असतील, तर उथळ पाण्यात किंवा लाटेवर पंखा हवेत सुटत होता असे समजावे. इंजिन जास्त तापल्याची किंवा ऑइलचा दाब घसरल्याची एक नोंददेखील पुढच्या सगळ्या तपासणीची दिशा बदलते. वापराचा प्रकारही विचारावा. पॅरासेलिंगची बोट दिवसात कितीतरी वेळा थांब्यापासून जोर लावून उठते, तर खेपा मारणारी प्रवासी बोट एका वेगावर चालते. दोघींचे पाचशे तास सारखे झिजवत नाहीत.

कमी तास म्हणजे चांगले इंजिन, हा समजही तपासून घ्यावा. दहा वर्षांत शंभर तास चाललेल्या इंजिनात पेट्रोलचा चिकट थर साचलेला असतो, रबरी सील आणि नळ्या कडक झालेल्या असतात आणि खारे पाणी न धुता राहिले असेल तर आतले मार्ग कुरतडले गेलेले असतात. यामाहाच्या मोठ्या व्ही-६ इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो आणि तो तासांप्रमाणेच वर्षांच्या हिशेबानेही बदलायचा असतो. सुझुकीच्या मोठ्या फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलमध्ये चालणारी साखळी असते. म्हणजे दोन सारख्या तासांच्या इंजिनांवर उरलेला खर्च वेगवेगळा असतो. चारशे तास चाललेले, दर शंभर तासांनी ऑइल व फिल्टर बदलल्याच्या पावत्या असलेले इंजिन हे शोभेला ठेवलेल्या इंजिनापेक्षा बहुतेक वेळा सुरक्षित खरेदी ठरते.

तासांआधी ओळखही पटवून घ्यावी. क्रमांकाची पट्टी बोटीला अडकवणाऱ्या ब्रॅकेटवर असते, तर बहुतेक इंजिनांत ब्लॉकवरही क्रमांक ठोकलेला असतो. दोन्ही जुळले पाहिजेत आणि ते आयातीच्या कागदांशी व बिलाशी जुळले पाहिजेत.

मिठाचे काम

मोठ्या आऊटबोर्डचा बहुतांश भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि तो थंड ठेवण्यासाठी समुद्राचेच पाणी आतून फिरवले जाते. एका लिटर समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. बोट किनाऱ्याला लागली की आत उरलेले पाणी सुकते आणि मीठ मागे राहते. रोज गोड्या पाण्याने धुतले नाही, तर थंडाव्याच्या वाटा अरुंद होत जातात, थर्मोस्टॅट अडकतो आणि एके दिवशी भर समुद्रात तापमानाचा भोंगा वाजतो. आपल्या खाड्यांत आणखी एक शत्रू आहे: वाळू. देवबाग-तारकर्लीजवळ कर्ली खाडीच्या मुखासारख्या उथळ, रेताड पाण्यात चालणाऱ्या बोटीचा, थंडाव्याचे पाणी आत खेचणारा रबरी इम्पेलर लवकर झिजतो. म्हणून इम्पेलर शेवटचा कधी बदलला, या प्रश्नाला तारखेसकट उत्तर हवे.

वरचे कव्हर काढून बारकाईने पाहावे. रंगाला आलेले फोड, जोडांवरची पांढरी भुकटी, बोल्टांभोवती उठलेली रेघ, वायरींच्या टोकांवरचा हिरवा थर, या सगळ्या मिठाच्या सह्या आहेत. नुकताच नवा रंग मारलेला दिसला तर आनंद मानू नये. त्याखाली काय झाकले आहे ते विचारावे. मग झिंक पाहावेत. हे ॲनोड स्वतः झिजून इंजिनाचा धातू वाचवतात. अर्धे खाल्लेले झिंक हे चांगले लक्षण आहे, कारण ते काम करत आहेत आणि अजून शिल्लक आहेत. पूर्ण संपलेले झिंक म्हणजे त्यांच्यानंतर इंजिनाची पाळी येऊन गेली. कित्येक वर्षांनीही कोरे करकरीत असलेले झिंक म्हणजे त्यांचा धातूशी संपर्कच नाही, किंवा कोणीतरी त्यांच्यावर रंग फासला आहे.

सर्वांत अवघड असते ती आतली झीज. अमेरिकेत यामाहाच्या २००० ते २००४ या काळातल्या पहिल्या पिढीच्या काही फोर-स्ट्रोक आऊटबोर्डांच्या मालकांनी कंपनीवर खटला भरला होता. धूर बाहेर नेणारा मार्ग आतून वेळेआधी गंजतो आणि हे हमी संपल्यावर उघड होते, असा त्यांचा आरोप होता. २०१७ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूचा निकाल कायम ठेवला. खरेदीदारासाठी यातला धडा स्पष्ट आहे. बाहेरून चकचकीत दिसणारे इंजिन आतून खंगलेले असू शकते आणि हमी संपल्यावर न्यायालय मदतीला येईलच असे नाही. ज्या मॉडेलबद्दल अशी चर्चा आहे, त्याचा खालचा भाग उतरवून आणि छोटा कॅमेरा आत घालून धुराचा मार्ग पाहून घ्यावा. मेकॅनिकची त्या दिवसाची मजुरी इंजिनाच्या किमतीपुढे नगण्य आहे.

कोकणात आणखी एक प्रश्न हमखास विचारावा: हे इंजिन कधी पाण्याखाली गेले होते का? जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आणि मे २०२१ च्या तौक्तेमध्ये आपल्या किनाऱ्यावर अनेक बोटींचे नुकसान झाले. बुडालेले इंजिन लगेच काढून, धुऊन, ऑइल बदलून चालू केले तर वाचू शकते. चार दिवस तसेच राहिले तर बेअरिंगांत गंज बसतो. कव्हरच्या आतल्या कोपऱ्यात चिखलाची रेघ, फ्लायव्हीलवर गंज, एकाच वेळी नवे बसवलेले स्टार्टर, रिले आणि वायरींचा जुडगा, अशा खुणा दिसल्या की जुन्या मालकाला सरळ विचारावे.

दोन प्रकारचे ऑइल, दोन साक्षी

पंख्याजवळच्या गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू काढून थोडे ऑइल एका पांढऱ्या भांड्यात घ्यावे. दुधासारखे पांढुरके आले तर सीलमधून पाणी शिरते आहे. लोहचुंबकाला बारीक करडा लेप चिकटणे सामान्य आहे. हाताला टोचणारे धातूचे कण लागले तर गिअर तुटू लागले आहेत. पंखा काढून त्यामागचा शाफ्ट पाहावा. आपल्याकडे पाण्यात जाळ्यांचे तुटके दोर आणि नायलॉनचे धागे पुष्कळ असतात. ते शाफ्टभोवती गुंडाळले जाऊन सील कापतात. पंख्याखालचे पाते तुटके किंवा वेल्ड केलेले असेल तर इंजिन खडकावर आपटले आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ पाण्यात हे सहज घडते. अशा वेळी शाफ्ट हाताने फिरवून तो डगमगतो का ते पाहावे.

फोर-स्ट्रोकमध्ये इंजिन ऑइलची काडी वास घेऊन पाहावी. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आहे. ऑइल पातळ झाले की बेअरिंगांचे रक्षण कमी होते. हे बहुधा थंड इंजिन दीर्घकाळ मंद गतीवर चालवल्याने होते, पण कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. आकडा किती यापेक्षा सगळे आकडे किती जवळ आहेत हे महत्त्वाचे. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी मागे असेल, तर रिंगा, व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरच्या भिंतीत काहीतरी आहे. जुन्या इंधन-फवारणीच्या टू-स्ट्रोकमध्ये हे आणखी काळजीने करावे. तिथे एका इंजेक्टरने पेट्रोल कमी दिले की तेवढा एकच पिस्टन जळतो आणि बाकीचे त्याला ओढत राहतात.

पाण्यावरची परीक्षा

किनाऱ्यावर पाण्याची नळी लावून इंजिन चालू करून दाखवणे ही परीक्षा नव्हे. इंजिनावर भार पडतो तो पाण्यात. चाचणीला जाताना विक्रेत्याला आधीच सांगावे की इंजिन थंडच ठेवा, आणि पोहोचल्यावर कव्हरखाली हात लावून खात्री करावी. थंड सुरुवात हा एक चांगला पुरावा आहे आणि आधीच गरम करून ठेवलेले इंजिन तो पुसून टाकते. किल्ली फिरवताच भोंगा क्षणभर वाजला पाहिजे. तो मुद्दाम काढून टाकलेला तर नाही ना, हे इथेच कळते.

मग पुढची गोष्ट अगदी प्रामाणिकपणे पाळावी: किल स्विचची दोरी अंगाला बांधल्याशिवाय चाचणी नाही, आणि गर्दीच्या पाण्यात चाचणी नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची एक वेगवान बोट नियंत्रण सुटून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. इंजिनातल्या बिघाडाने नियंत्रण सुटल्याचे नौदलाने त्याच दिवशी सांगितले. अनेकांचे प्राण गेले. अपरिचित इंजिन हा धोका आहे आणि त्याची चाचणी मोकळ्या पाण्यात, इतर बोटींपासून दूरच व्हायला हवी.

बोटीत नेहमीइतकी माणसे आणि नेहमीइतके पेट्रोल हवे. रिकाम्या बोटीवर कुठलेही इंजिन उमदे वाटते. मागून उडणारी पाण्याची धार सलग आणि जोरदार हवी. मंद गतीवर फेऱ्या डगमगू नयेत. गिअर एका ठाम ठोक्यात पडावा, खरखरत नको. मग पूर्ण थ्रॉटल देऊन फेऱ्या बघाव्यात. कंपनी प्रत्येक मॉडेलसाठी पूर्ण थ्रॉटलचा पट्टा देते, उदाहरणार्थ पाच ते सहा हजार. भरलेल्या बोटीवर फेऱ्या त्या पट्ट्याच्या वरच्या भागात पोहोचल्या पाहिजेत. पोहोचत नसतील तर एकतर इंजिन थकले आहे किंवा पंख्याचा पिच जास्त आहे. पिच एक इंचाने कमी केला तर फेऱ्या साधारण १५० ते २०० ने वाढतात, म्हणून दोष पंख्याचा आहे की इंजिनाचा हे पंखा बदलून ताडता येते. पण वर्षानुवर्षे जड पंख्यावर चाललेले इंजिन आतून जास्त तापलेले असते, ही गोष्टही हिशेबात घ्यावी.

निदान अर्धा तास चालवावे, त्यात काही काळ नेहमीच्या वेगावर सलग. तापमान स्थिर हवे, व्होल्टेज चौदाच्या आसपास हवे. मग बंद करून दहा मिनिटांनी गरम इंजिन पुन्हा चालू करावे. पुष्कळ दोष नेमके याच वेळी बाहेर येतात. परतल्यावर लॅपटॉप पुन्हा जोडून चाचणीदरम्यान नवी नोंद झाली का ते पाहावे.

पेट्रोलची नवी अडचण

भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. पण बहुतेक मोठ्या आऊटबोर्डांच्या पुस्तिकांत इथेनॉलची कमाल मर्यादा १० टक्के दिलेली असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. समुद्रकिनारी टाकी महिनोन्‌महिने अर्धी भरलेली राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात आणि तेच आधी इंजिनात जाते. कोकणात पावसाळ्यात बोटी वर काढून ठेवल्या जातात, त्यामुळे हा धोका इथे जास्त. नवे इंजिन घेताना, आपल्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलवर हे इंजिन चालेल का आणि हमी कायम राहील का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. वापरलेले घेताना पेट्रोलच्या नळ्या कधी बदलल्या ते विचारावे आणि पाणी वेगळे करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवलेला आहे ना ते पाहावे.

दोन इंजिने लावली की निर्धास्त, असे मानणाऱ्यांनीही इथे थांबावे. दोन्ही इंजिनांचा बिघाड एकमेकांपासून वेगळा असेल तरच दुसरे इंजिन आधार देते. एकाच टाकीतून, एकाच फिल्टरमधून पेट्रोल घेणारी आणि एकाच बॅटरीवर सुरू होणारी दोन इंजिने खराब पेट्रोलाने एकाच दिवशी बंद पडतात. प्रत्येक इंजिनाला वेगळा फिल्टर आणि वेगळी बॅटरी, आणि जमल्यास वेगळी टाकी असेल, तर जोडीला अर्थ आहे.

बिघडल्यावर काय?

कुठलेही इंजिन कधी ना कधी बिघडणारच. म्हणून दुरुस्तीला किती दिवस लागतात हा भरवशाचाच एक भाग मानावा. पर्यटनाचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन मे महिन्यात संपतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या सुट्या भागासाठी तीन आठवडे बोट उभी राहिली, तर वर्षाच्या कमाईला मोठे भगदाड पडते. इम्पेलर, फिल्टर, थर्मोस्टॅट, गिअरबॉक्सचे सील, इंधनाचे पंप हे भाग विक्रेत्याच्या कपाटात आज आहेत का, हे स्वतः जाऊन पाहावे. इंजिनाचा संगणक कुठून येतो आणि किती दिवसांत, हे विचारावे. निदानाचे उपकरण असलेला प्रशिक्षित मेकॅनिक आपल्या बंदरापासून किती तासांच्या अंतरावर आहे, हे मोजावे. हमीच्या कागदात धंद्याच्या वापरासाठी मुदत वेगळी आणि बहुधा कमी असते, ती ओळ वाचावी. थोड्या कमी नावाजलेल्या इंजिनाचा मेकॅनिक रत्नागिरीत असेल आणि जगन्मान्य इंजिनाचा परदेशात, तर आपल्यासाठी पहिले इंजिन जास्त भरवशाचे आहे.

एवढे सगळे पाहिल्यावर निर्णय अवघड राहत नाही. रचना फार ताणलेली नाही, संगणकाचा अहवाल स्वच्छ आहे, झिंक काम करत आहेत, गिअरबॉक्सचे ऑइल निर्मळ आहे, भरलेली बोट योग्य फेऱ्यांना पोहोचते आणि मेकॅनिक हाकेच्या अंतरावर आहे, तर ते इंजिन घ्यावे. यातली एखादी गोष्ट दुरुस्त होण्याजोगी असेल तर तिचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावे. पण अहवाल दडवला जात असेल, इंजिन तापल्याची नोंद असून कारण कोणी सांगत नसेल किंवा पाण्यावर चाचणी नाकारली जात असेल, तर किंमत कितीही कमी असो, ते सोडून द्यावे.

आणि घेतल्यानंतर पहिल्याच दिवसापासून एक वही ठेवावी. तारीख, तास, ऑइल, इम्पेलर, झिंक, कुठला भाग कधी आणि का बदलला, सगळे त्यात उतरवावे. आज आपल्या किनाऱ्यावर मोठ्या आऊटबोर्डांचा अनुभव अफाट आहे, पण तो तांडेलांच्या आणि मेकॅनिकांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. एका बंदरातल्या दहा बोटवाल्यांनी जरी अशा वह्या ठेवल्या आणि एकमेकांना दाखवल्या, तरी तीन-चार हंगामांत कुठले मॉडेल इथल्या मिठात, इथल्या वाळूत आणि इथल्या पेट्रोलवर किती तास टिकते, याचे उत्तर त्या बंदराकडे स्वतःचे असेल. कुठल्याही जाहिरातीपेक्षा ते उत्तर नेमके असेल, आणि ते मिळवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.